आपल्याच गाडीचा क्लच

खजुरी
ता. २० जानेवारी २०२५

ती. अण्णांस,

नेत्रावतीचे शरणु शरणार्थी, वि. वि. फोनवर मी ओरडते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांना येतं. म्हणून आता पत्रच बरं. कोणी शिकवलं नसताना वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले, त्याचा उपयोग इथं होतोय.

बातमी ही की मला लायसन्स मिळालं. आळंदचा क्लासवाला महेशकुमार म्हणाला, मावशी, पन्नाशीत गाडी शिकणारी तुम्ही माझी पहिलीच. मी म्हणाले, आणि तू मला ओरडणारा पहिलाच.

आता काळजीचं. हे गेल्यापासून पिकअप लिंबाखाली उभी आहे. प्रशांत म्हणतो विकून टाकू, आणि तू पुण्याला ये. उमरग्याचं एक गिऱ्हाईक त्यानं ठरवलं आहे. पाडव्याला तो घरी येईल, तेव्हा त्याला घेऊनच येणार. मी सांगितलं, तोवर थांब. मी ती चालवून दाखवीन, शेजारच्या रूपालीची आणि आणखी चौघींची भाजी आळंदच्या बाजारात नेईन, मग बोल. पोरगा वाईट नाही. पण त्याच्या चौथ्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या मोजू?

अडचण अशी. क्लासच्या गाडीत माझा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. आपल्या गाडीत मात्र दरवेळी कर्रर्र करून ओरडतो. लिंबावरचे कावळे उडतात. तुम्ही एवढी वर्षं सरकारी बस चालवलीत. काय असेल ते सांगा.

वहिनींना शरणार्थी. कान गेले तरी लोभ जाऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
नेत्रा


गुलबर्गा
ता. २७ जानेवारी २०२५

चि. नेत्रावतीस बंडेप्पाचे अनेक आशीर्वाद.

चि. लिहिलं की हात आपोआप सौ. लिहायला जातो. वर खाडाखोड दिसली तर समजून घे.

लायसन्सचं वाचून मी पेढे आणले. साखर आहे म्हणून तुझ्या वहिनीनं ते मला खाऊ दिले नाहीत, स्वतः खाल्ले. मी काही बोललो तर ती उत्तर देते, पण मला ते ऐकू येत नाही. संसार सुखाचा चालला आहे.

आता नीट वाच. गिअर ओरडतो म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. इंजिन फिरत असतं आणि तू त्याच्या दातांत दुसरे दात घालायला बघतेस, मग ते चावणारच. म्हणून डावा पाय तळाला टेकेपर्यंत दाबायचा. मग गिअर. मग पाय हळूहळू वर. एक जागा अशी येते की गाडी अंगावर शहारा आल्यासारखी थरथरते. तिथं पाय क्षणभर धरून ठेवायचा आणि उजव्या पायानं थोडी रेस द्यायची. थरथर कळली की सगळं कळलं. ती कानानं नाही, तळपायानं ऐकायची असते. त्यामुळंच तर मी अजूनही उत्तम ड्रायव्हर आहे.

दाजी उंच होते. सीट त्यांच्या मापाची असेल, तुझा पाय पुरत नसेल. सीट पुढं ओढ. मन होत नसेल तरी ओढ.

पुढच्या पत्रात कावळ्यांची खुशाली कळव.

तुझा,
अण्णा


खजुरी
ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,

शरणु शरणार्थी, वि. वि. कावळे खुशाल आहेत, पण लिंब सोडून शाळेवर राहायला गेलेत.

सीट मी पहिल्याच दिवशी पुढं ओढली होती. त्यात मन व्हायचं न व्हायचं काही नव्हतं. ते उंच, मी बुटकी. पाय पुरतो.

गाडीतच खोट असेल म्हणून आळंदचा मेस्त्री बोलावला. त्यानं खाली झोपून सगळं बघितलं, केबल ताणली, ऑइल बदललं, गावाला एक फेरी मारून आणली. आवाज नाही. मग महेशकुमार आला. त्यानंही तलावाचा चढ चढवून आणली. आवाज नाही. मग मी बसले. कर्रर्र. मेस्त्री महेशकुमारकडं बघायलाय, महेशकुमार आभाळाकडं. शेवटी मेस्त्री म्हणाला, बाई, गाडी चांगली आहे, विकताना भाव येईल. माझा जीव असा जळला की चहा न देता पाठवलं दोघांना. मग वाईट वाटलं, म्हणून परत बोलावून दिला.

प्रशांतचा फोन होता. आई, गिअरबॉक्स खराब व्हायच्या आत देऊन टाकू म्हणाला. त्याला कुणी सांगितलं? गावात एवढे लोक, आणि सगळ्यांकडं मोबाइल.

मी घाबरत नाही अण्णा. पाय दाबायचा ठरवते, आणि दाबलाच असं मला वाटतं. तरी गाडी ओरडते.

रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची,
नेत्रा


गुलबर्गा
ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. नेत्रावतीस आशीर्वाद.

रागावू कशाला? मी कोड्यात पडलो आहे. क्लचप्लेट, केबल, ऑइल सगळं ठीक, क्लासच्या गाडीत तुझा पायही ठीक. तर मग त्या गाडीत आणि या पायात काही भांडण आहे का?

एक कर. शेजारी कुणाला तरी बसव, आणि त्याला रस्ता नको, तुझा पाय बघायला सांग. नव्या ड्रायव्हरला शिकवताना मी असंच करायचो. माणूस तोंडानं दाबलं म्हणतो, पाय खरं सांगतो. महेशकुमार नको, तो ओरडेल. रूपाली चालेल. तिला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून ती नीट बघेल.

चढावर गाडी थांबली तर हँडब्रेक ओढून ठेवायचा. क्लच सोडताना थरथर आली की मगच ब्रेक सोडायचा. अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवशील तर प्लेट जळेल, आणि तो वास मला गुलबर्ग्यापर्यंत येईल. माझं नाक अजून शाबूत आहे.

वहिनी विचारतेय, शिवरात्रीला येतेस का? मी म्हणालो, येईल तर स्वतःच्या गाडीनं येईल.

तुझा,
अण्णा


खजुरी
ता. ३ मार्च २०२५

ती. अण्णांस,

शरणु शरणार्थी. कोडं सुटलं. कसं ते सावकाश वाचा.

काल रूपालीला शेजारी बसवलं. ती पायाजवळ वाकून बसली, जसं काही तिथं मांजर व्यायलीय. मी क्लच दाबला, कर्रर्र झालं. ती मान वर न करता म्हणाली, अक्का, पेडलला गळू झालंय काय? असं अलगद पाय कामून ठेवायलीस? रांगोळी चुकवून चालल्यावाणी. आणि पाय उचलला की हात छातीला लावायलीस, ते कामून?

हात छातीला लावते हे मलाही माहीत नव्हतं. क्लासच्या गाडीत मी असं काही करत नाही. मग तिला सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच समजलं. खंडेनवमीला यांनी गाडीची पूजा केली होती. दाराशी उकिडवे बसून तिन्ही पेडलांवर ओल्या विभूतीची तीन-तीन बोटं ओढली. मी हसले होते, की पायाखालच्या वस्तूला कशाला? तर म्हणाले, सगळ्यात जास्त राबतं तेच. दसऱ्याला गाडी बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. क्लचवरची ती बोटं त्यांची शेवटची. पुढं मी गाडी सगळी पुसली, पण तिथं फडकं लावलं नाही. बघितलंसुद्धा नाही. बघितलं तर पाय ठेववणार नाही, असं वाटायचं.

रूपालीनं मोबाइलचा उजेड खाली धरला. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, अक्का, कुठाय विभूती?

नव्हती, अण्णा. नुसतं रबर, आणि त्यावर मेस्त्रीच्या बुटाचा चिखल. मेस्त्रीनं दाबलं, महेशकुमारनं दाबलं, सगळ्यांनी मनसोक्त पाय दिला. जपत होते ती मी एकटी. आणि जपत होते ते केव्हाच पुसून गेलं होतं.

मला आधी हसू आलं. रूपाली घाबरून माझ्याकडं बघत राहिली. हसून झाल्यावर जे यायचं ते आलं. तिनं ते येऊ दिलं.

मग मी डोळे पुसले आणि क्लच तळाला टेकवला. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. आवाज नाही. तलावाच्या चढावर मुद्दाम थांबवली, तुमच्या सांगण्याप्रमाणं हँडब्रेक लावून परत उठवली. रूपाली म्हणाली, मंगळवारी माझी वांगी पहिली भरायची.

वहिनींना सगळं वाचून दाखवा, गळवाचंसुद्धा. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
नेत्रा


गुलबर्गा
ता. ११ मार्च २०२५

चि. नेत्रावतीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वहिनीनं हातातून घेतलं आणि स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. परत आली तेव्हा पदर ओला होता, आणि आमटी करपली होती.

विभूतीचं मनाला लावून घेऊ नकोस. दाजी असते तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच चप्पल घालून ती पुसली असती आणि सोयाबीन घेऊन बाजारात गेले असते. चुलीची पूजा करून आपण तिच्यात जाळच घालतो.

आता पाडवा जवळ आला. प्रशांतशी भांडू नकोस. वडिलांसारखा तोही कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्याला बोलून हरवता येत नाही. गिऱ्हाईक गाडी बघायला येईल तेव्हा चावी मात्र तुझ्या हातात ठेव.

काय झालं ते लगेच कळव. वाट बघवत नाही.

तुझा,
अण्णा


खजुरी
ता. २ एप्रिल २०२५

ती. अण्णांस,

शरणु शरणार्थी, वि. वि. पाडवा झाला. प्रशांत आला, आणि उमरग्याचा माणूसही आला. त्यांचं नाव नागप्पा. पांढरं धोतर, बोलणं गोड, टायरला लाथ मारून बघायची सवय. मी गूळ-लिंब आणून दिला. ते खाऊन म्हणाले, चालवून बघू. मी म्हणाले, बघा की, बसा. आणि मीच स्टिअरिंगवर जाऊन बसले.

नागप्पा खिडकीशी बसले, प्रशांत मध्ये. तुम्हाला माहीतच आहे, मध्ये बसणाऱ्याच्या गुडघ्याशीच गिअरचा दांडा येतो. प्रशांतनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. दवाखान्यात सुईची वाट बघावी तसा बसला होता.

गावातून पहिल्या गिअरवर निघाले. पाण्याच्या टाकीजवळ दुसरा टाकायला क्लच दाबला, आणि त्याचा गुडघा आपोआप डावीकडं सरकला. माझा हात दांड्यावर जायच्या आधी. तिसऱ्याला परत तसंच. तो तर समोर रस्त्याकडं बघत होता. चढाला मी गिअर उतरवला, चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. इंजिनचा आवाज बदलला की गुडघा बाजूला, गिअर पडला की परत जागेवर. लहानपणी यांच्याशेजारी बसून आळंदला जाताना तो असाच गुडघा काढायचा. कुणी सांगायला लागत नव्हतं.

चढाच्या मध्यावर त्याचं त्यालाच कळलं. खाली गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. माझ्या हाताला काम होतं.

वर पोचल्यावर नागप्पा म्हणाले, गाडी झकास आहे, सांगा भाव. प्रशांत त्यांना म्हणाला, मामा, तुम्हाला फुकट त्रास दिला, माफ करा. गाडी द्यायची नाही. नागप्पांनी कामून म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाला, चालायलीय ना.

उतारावर डिझेल वाचवायला मी गाडी न्यूट्रल करते का ते तो बघत होता. मी केलं नाही. गिअरमध्येच उतरवली.

उद्या पहाटे रूपाली, तिची वांगी, मेथी आणि प्रशांत असं सगळं आळंदला न्यायचं आहे. त्याची पुण्याची बस तिथून आहे. मध्ये मीच बसतो म्हणाला.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
नेत्रा