एकाच छताखालचे पाय

९ फेब्रुवारी
सर आज पुन्हा म्हणाले, "आपण इतिहास घडवतोय!" घडवतोय म्हणजे — मी बायकांच्या पायाची नखं घासतेय. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, वर औषध-चाचण्यांचं खास शिक्षण, आणि हातात फिरती कानस. नखांची भुकटी चष्म्यावर, केसांत, बहुतेक चहातही.

रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या सगळ्याजणी नखांच्या बुरशीवरच्या औषधाच्या चाचणीत घेतल्या आहेत. दिवसभर पाय ओल्यात. अंगठ्याची नखं जाड, पिवळी, ठिसूळ. बुरशीला असं माहेर कुठे मिळणार! सर खूश — "सगळे पाय एका छताखाली!" मी म्हटलं, रोज एकत्र राबणाऱ्या माणसांवर चाचणी करू नये. "तू फार वाचतेस," म्हणाले.

नियम समजावण्याचं काम माझंच. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत तसंच दिसणारं, तसाच वास दिलेलं साधं पाणी. कुणाची कुठली, ते मलाही माहीत नाही, सरांनाही नाही. औषध लागू पडलं तर शेवटी सगळ्यांना फुकट मिळेल. तिथल्या मुकादमबाई — सगळ्या त्यांना वहिनी म्हणतात — डोळे बारीक करून म्हणाल्या, "म्हणजे निम्म्यांना फसवायचं, तेही सांगून!"
"हो," मी म्हटलं.
"शिकलेल्यांचं बाई सगळं रीतसर."

१० फेब्रुवारी
आई — "शेजारीण विचारत होती, तुमची मुलगी नक्की करते काय? काय सांगू गं?"
सांग, लोकांची नखं कुरतडते.

२७ मे
नखं सुधारतायत. मुळाशी स्वच्छ, गुलाबी नख येतंय. सरांनी एक अंगठा पडद्यावर मोठा करून दाखवला आणि — शप्पथ! — म्हणाले, "पहाट बघा, पहाट!"

माझं मत वेगळं. दर महिन्याला रोगट भाग मी घासून काढते, त्याचाच हा गुण. औषध नुसतं मिरवतंय. सरांना तसं सांगितलं. तेव्हापासून मी "कानसबाई".

२ सप्टेंबर
वहिनी आज बूट घालून आल्या. जाड नखांमुळे कित्येक वर्षं घालता येत नव्हते म्हणे. मला मुद्दाम चालून दाखवलं.
"रोज लावता ना औषध?"
"लावतो की. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या मिळून." मग हळूच, "बंद नाही ना होणार? मागे एक औषध अर्ध्यात सुटलं, तर दुप्पट उलटलं होतं."
मी म्हटलं, निकालावर आहे. खरं तेच सांगितलं. आणखी काय सांगणार?

१९ जानेवारी
बाटल्यांचं गुपित आज फुटलं. औषधवाल्या आणि पाणीवाल्या — एखादी सोडली तर सारख्याच सुधारल्या! सरांचा चेहरा बघण्यासारखा.
"पुन्हा मोज."
मोजलं.
"आणखी एकदा."
मोजलं. पहाट काही उगवेना.

मग सरांना युक्ती सुचली. बऱ्या झालेल्या पाणीवाल्यांनी चोरून दुसरं काही लावलं असणार, तेव्हा त्यांना वगळू. म्हटलं, "त्यांना वगळणार असाल तर माझंही नाव वगळा." आणि औषध कंपनीच्या माणसासमोर स्वच्छ सांगून टाकलं — गुण कानसेचा. औषध आणि पाणी, सख्खे भाऊ! त्याने तिथल्या तिथे गाशा गुंडाळला. औषध बंद.

जिन्यावरून उतरताना चक्क गुणगुणत होते मी.

२३ जानेवारी
धुलाईखान्यात सांगायला गेले. यंत्रांच्या घरघरीत ओरडून सांगावं लागलं — औषधाचा उपयोग नाही, पुढची बाटली येणार नाही.

वहिनींनी यंत्रच बंद केलं. "उपयोग नाही कसा? हे काय मग?" बूट काढून पाय पुढे केला.
"पाणीवाल्यासुद्धा तितक्याच बऱ्या झाल्या, वहिनी."
"पाणीवाली कोण राहिलीच होती इथे!" कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी मला लहान मुलीला समजवावं तशा समजावू लागल्या. "अगं, खोटं कुणा एकीच्याच पदरी का? महिन्याच्या बाटल्या आल्या की सगळ्या एका कळशीत ओतायच्या, ढवळायच्या आणि परत भरून घ्यायच्या. पाणी तर पाणी, औषध तर औषध — सगळ्यांना सारखं. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"सगळ्यांनी ओतल्या?"
"ती कपडे पिळायच्या यंत्रावरची, पिळणीवरची सोडून. भांडकुदळ मेली! म्हणे माझी बाटली माझीच. बघ जा तिची नखं, होती तश्शी पिवळी."

२४ जानेवारी
पिळणीवरचीची बाटली तपासली. साधं पाणी.
कानस तिच्या नखांवरही इतरांइतकीच फिरवली होती, मीच.
औषध चालत होतं. निम्मं पाणी घालूनही चालत होतं.