गंजलेली पेशकश

गाझियान, बंदर अंझली
मोर्दाद महिन्याची बावीस, तेराशे अठ्ठ्याण्णव

प्रिय हुशंग,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून आधी दचकला असशील. फोन असताना हा कशाला पत्र लिहितोय, कुणी गेलं की काय, असंच तुझ्या मनात आलं असणार. कुणी गेलेलं नाही. तुझी वहिनी माहरुख ठणठणीत आहे. आत्ता मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात स्वतःशी पुटपुटते आहे. गुडघे सोडले तर मीही बरा आहे. पत्र लिहितोय कारण फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो. वाईट खोटं नव्हे, गोड गोड. तू विचारतोस कसे आहात, मी म्हणतो तुझ्या कृपेनं. मी विचारतो तू कसा आहेस, तू म्हणतोस तुझी सावली आमच्यावर राहो. दहा मिनिटांनी फोन ठेवतो तेव्हा दोघांनाही एकमेकांचं काहीएक कळलेलं नसतं. नवरोजच्या दिवशी तू येत्या मेहेर महिन्यात यायचं म्हणालास, तेव्हाही तेच झालं. त्यावर पुढे लिहितोच. कागदावर मला एवढं गोड बोलता येत नाही. जन्मभर बोटींची इंजिनं खोललेला माणूस मी.

तेव्हा मुद्द्याचं सांगतो. तुझी पेकान गाडी चालू झाली.

हो, तीच. मी ती केव्हाच विकली असेल किंवा चालवून चालवून भंगारात घातली असेल, असं तुला वाटत असणार. यातलं काहीच केलं नाही. चौतीस वर्षं ती माझ्या अंगणात, अंजिराच्या झाडाखाली, ताडपत्री पांघरून उभी होती. मधे काही वर्षं माहरुखच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. शेजारीपाजारी विचारायचे, ही कुणाची? मी म्हणायचो, मित्राची. माहरुख म्हणायची, दोन मित्रांची, म्हणून तर कुणाचीच नाही.

बसस्टँडवरची ती सकाळ तुलाही माझ्याइतकीच आठवत असेल. तेराशे चौसष्ट साल, आबान महिना, तेहरानची पहिली बस, आणि तिथून पुढे देशाबाहेर. तुला का जावं लागलं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, कागदावर नको. तुझ्या हातात एक बॅग, तुझ्या आईनं बांधून दिलेली धुरावलेली मासळी, आणि अंगात माझा कोट, कारण तुझा भिजला होता. तू खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, "गाडी तुझी, फरामर्झ. पेशकश." आता आपल्याकडे पेशकश म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी कुणाच्या घड्याळाला छान म्हटलं की तो ते मनगटावरून सोडवत म्हणतो, पेशकश; आणि मी ते खरंच घेतलं तर तो जन्मभर माझं तोंड पाहणार नाही. म्हणून रीतीप्रमाणे मी नाही म्हटलं, ती तुझ्याच हातात शोभते म्हटलं. तू पुन्हा म्हणालास, मी पुन्हा नको म्हटलं. तू तिसऱ्यांदा म्हणाला असतास तर मला कळलं असतं की तू मनापासून देतो आहेस, आणि मी घेतली असती. पण ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मागच्या बाईनं तुला आत ढकललं आणि दार लागलं. किल्ली माझ्या हातात राहिली. गाडी धड दिलीही गेली नाही, धड परतही गेली नाही.

मग मी काय करायचं होतं, तूच सांग. चालवावी, आणि तू नुसतं भिडेखातर म्हणाला असशील तर? मित्राची पाठ वळताच त्याच्या गाडीत बसलो असं झालं असतं. परत करावी, आणि तू खरंच दिली असशील तर? तुझी भेट तुझ्या तोंडावर फेकल्यासारखं झालं असतं. पत्रातून विचारायची सोय नव्हती. मी विचारलं असतं तर मला ती हवी आहे असा अर्थ निघाला असता. तू तरी कुठे विचारलंस? एकदा लिहिलं होतंस, पावसात पायी हिंडत नसशील ना. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. गाडीबद्दल विचारतोय की माझ्या तब्येतीबद्दल? शेवटी मी उत्तर पाठवलं की पाऊस ही देवाची कृपा आहे. माहरुखनं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

आता नवरोजचा फोन. यायला आता काही अडचण उरली नाही असं तू सांगितलंस आणि पुढे जोडलंस, "तुमची गैरसोय होणार नसेल तर." मी म्हणालो, घर तुझंच आहे, तुझी पावलं आमच्या डोळ्यांवर, आमच्या गरिबाच्या झोपडीचा सन्मान होईल. तू म्हणालास, बघू, इन्शाल्ला. फोन ठेवून मी खुशीत चहा मागितला, तर माहरुख कंबरेवर हात ठेवून उभी. "गेल्या आठवड्यात गॅसच्या मीटरवाल्याला जेवायला थांबा म्हणालास, ते अगदी याच शब्दांत," ती म्हणाली. "तो थांबला का? मग हा का येईल?" मला राग आला. चहा न पिता मी अंगणात गेलो आणि उगाच हातांना काही काम हवं म्हणून ताडपत्री ओढून काढली. तेव्हापासून आजपर्यंत साडेचार महिने मी त्याच गाडीखाली आहे. पाहुणा यायच्या आधी घर रंगवतात, मी तुझी गाडी रंगवायची ठरवलं. म्हटलं, तोंडानं नाही जमत तर हातानं बोलवू.

ती कोणत्या अवस्थेत होती ते आता सांगायला हरकत नाही. दार उघडलं ते बिजागऱ्यांसकट हातात आलं. आत पाय ठेवायला गेलो तर पाय थेट जमिनीवर, खालचा पत्रा नावालाच उरला होता. डेंटिंगवाला उस्ताद नेमत, आपल्या मासळीबाजारामागचा, त्याला दाखवायला बोलावलं. त्यानं चष्मा लावून एक फेरी मारली, बोटानं पत्रा दाबला, बोट आरपार. म्हणाला, "ही गाडी नाही, चाळण आहे. हिच्यात पीठ चाळ." पण गेला नाही. बोनेट उचलून वाकून पाहत राहिला आणि मग बाह्या सरसावल्या. मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचो, तो कुजलेला भाग कापायचा, मी नवा पत्रा कापून द्यायचो, तो वेल्डिंग करायचा. सगळं अंगण तांबडं झालं. कोंबड्या तांबड्या झाल्या. माहरुखनं वाळत घातलेल्या चादरी तांबड्या झाल्या, त्यावर ती काय म्हणाली ते मी लिहीत नाही, उस्तादही ऐकत होता.

इंजिन पार जाम झालेलं होतं. यंत्राशी मात्र मी कधी भीड ठेवली नाही, हुशंग. प्लग काढून चारही सिलेंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल ओतलं आणि रोज सकाळी एकदा पान्यानं पुली हलवून पाहायचो. जोर लावायचा नाही, फक्त विचारायचं. सतराव्या दिवशी ती बोटभर हलली. मी इतक्या जोरात हाक मारली की माहरुख हातातला झारा घेऊनच धावत आली, तिला वाटलं जॅक निसटून गाडी माझ्यावर पडली. त्यानंतर कार्ब्युरेटर, पंप, ब्रेकचे पाइप, सगळं एकेक करून खोललं, धुतलं, बसवलं. सीटची कव्हरं माहरुखनं शिवली. रंगावरून आमचं भांडण झालं. मी म्हणत होतो गाडी सायीच्या रंगाची होती, ती म्हणत होती पिस्त्याच्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी मला वाटलं, एकदा तरी मी बरोबर निघेन. दाराच्या कडेचं रबर सोलून काढलं, खाली अस्सल रंग जसाच्या तसा. पिस्त्याचा. तुला तर माहीतच असणार. लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा लांबी, असं करत उस्तादनं पत्रा गुळगुळीत केला आणि आकाशाकडे डोळे लावून आम्ही तीन कोरड्या दिवसांची वाट पाहिली. अंझलीत तीन कोरडे दिवस! तीर महिन्याच्या शेवटी मिळाले.

आता एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहिण्याआधी मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. खालचा पत्रा नुसत्या पावसानं कुजला नव्हता. तेराशे बहात्तर साली समुद्र चढला तेव्हाचं तुला फोनवर सांगितलं होतं, गल्लीत गुडघाभर पाणी आलं होतं म्हणून. गाडीचं सांगितलं नाही. पाणी एका रात्रीत आलं नाही. चार दिवस ते इंच इंच वर येत होतं आणि आम्ही पाहत होतो. गालिचे मी माडीवर नेले. माझी मोटारसायकल मी पुलापलीकडे उंचावर नेऊन ठेवली. शेजाऱ्याची शिलाई मशीन त्याच्याबरोबर उचलली. तुझी गाडी तेव्हा हाक मारली की सुरू होण्यासारखी होती, बॅटरी मी अधूनमधून चार्ज करून ठेवायचो. किल्ली माझ्या खिशात होती. माहरुख म्हणाली, काढ ना ती बाहेर. मी म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीला त्याला न विचारता कसा हात लावू? आणि जिन्यावर बसून पाणी चाकं बुडवताना पाहिलं. पाच आठवडे ती खाऱ्या पाण्यात उभी होती. मी कुणाची वस्तू बुडवली, तुझी की माझी, ते मला तेव्हाही कळलं नाही. पण हुशंग, वाचवता आली असती. फक्त मला अर्धा तास असभ्य व्हावं लागलं असतं. याची मला फार लाज वाटत आली आहे, आणि तुझ्या प्रत्येक फोनला मी जास्तच गोड बोलत आलो त्याचं अर्धं कारण हेच.

गाडी सुरू झाली मोर्दादच्या सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास. आधी खोकली, मग मागून निळा धूर सोडला, मग आपला तो जुना आवाज. गल्लीतली म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. मी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि उलटी आणली, पुढे रस्त्यावर न्यायची सोय नाही, जुनी नंबरप्लेट आता चालत नाही. माहरुख शेजारी बसली होती, नवा हेडस्कार्फ घालून. एवढ्या छोट्या गल्लीत तिनं मला चार वेळा सांगितलं की हुशंग यापेक्षा बरी चालवायचा.

मी ठरवलं होतं की तुला काही कळवायचं नाही. तू येशील, फाटक उघडशील, आणि पाहशील. पण गेल्या गुरुवारी तुझ्या यल्दाचा फोन आला. बिचारीचं फारसी अडखळतं, पण जे सांगायचं ते ती सरळ सांगते, तिकडे वाढल्याचा एवढा फायदा. म्हणाली, "काका, बाबांनी तिकीट काढलंच नाही. म्हणतात, फरामर्झ भिडेपोटी ये म्हणतो, त्याच्या वयाला आता कशाला त्रास." शिवाय असंही म्हणाली की तू बॅग दोनदा भरलीस आणि दोनदा रिकामी केलीस. फोन ठेवून मी हे माहरुखला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी टोमणा मारला नाही, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

म्हणून मी ठरवलं की आपल्यातल्या एकानं तरी आता उद्धट व्हावं. हुशंग, तुझी पेशकश मी घेतली. गाडी माझी झाली, तुला आता माघार घेता येणार नाही. कागद मात्र अजून तुझ्याच नावावर आहेत आणि तुझ्या सहीशिवाय नवी प्लेट मिळत नाही. काल त्या कचेरीत जाऊन आलो. तिथला कारकून भला माणूस, त्यानं खुर्ची दिली आणि सांगितलं की मालक परदेशात असेल तर त्यानं यायची गरज नाही, वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवलं की पंधरा दिवसांत काम होतं. हे मी तुझ्यापासून लपवणार होतो. माहरुख म्हणाली, आता आणखी काही लपवू नकोस. म्हणून सांगितलं. मार्ग आहे, सोपा आहे, आणि तो तू वापरू नयेस म्हणूनच हे पत्र लिहिलं. मला तुझी सही नको आहे. तू हवा आहेस. तुझ्या येण्यानं मला त्रास होईल, हेही खरं आहे. माझी खोली तुला द्यावी लागेल, तू घोरतोस, आणि माहरुख सगळी चांगली मासळी तुझ्या ताटात वाढेल. तो त्रास मला हवा आहे. मी सदुसष्ट वर्षांचा झालो आणि इथे मला नुसत्या नावानं हाक मारणारं माहरुखखेरीज कुणी उरलेलं नाही. मुखत्यारपत्र पाठवलंस तर मी ते फाडून टाकीन. तू ये.

तुझाच,
आणि आता तुझ्या गाडीचा मालक,
फरामर्झ