बाराची पालखी

२ एप्रिल, बुध.
गिरणीचा पत्रा सकाळीच तापलाय. पिठाला हात लावला तरी चटका. मोबाईलवर हवामानाचं आलं: सातारा-सांगलीच्या पूर्व भागात उष्णतेची लाट येणार, नेमकी जत्रेच्या आठवड्यात. दुपारी बाहेर पडू नका. मामंजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "माणदेशात ऊन न्हाई तर काय बर्फ पडंल?" आणि मेंढरं घेऊन गेले.
पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराचा मान. सूर्य डोक्यावर आला की निघायचं, अनवाणी, गावाची पूर्ण फेरी. सासरा सत्तरी ओलांडलेला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू, पण कुणाला काय पडलंय.
गेल्या वर्षी पाराच्या वळणावर कोसळले. डोळे पांढरे. लोक म्हणाले, देव अंगात आला. ढोल आणखी जोरात! मी पाणी पाणी ओरडतेय, ऐकतंय कोण. वर सगळे त्यांच्या पाया पडले. आता त्यांनाही ते खरं वाटायला लागलंय.

५ एप्रिल, शनि.
जत्रा कमिटीची बैठक. बायका जात नाहीत, मी गेले. म्हटलं, यंदा पालखी ऊन उतरल्यावर काढा. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, देवाचं टायमिंग बदलत न्हाई." बरं. पुढचा विषय पाहुण्यांच्या सत्काराचा. तो दुपारचा संध्याकाळवर ढकलला. का, तर पाहुण्यांना ऊन सोसत नाही. मंडपात कूलरही लावणार. देवाला सोसतं, म्हाताऱ्याला सोसतं, पाहुण्याला सोसत नाही! तिथेच बोलले. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.
ह्यांचा मुंबईहून फोन. बातमी पोचलीच होती. "कशाला मधी तोंड घालती? गावात ऱ्हायचंय आपल्याला." राहायचंय मला. तुम्ही जत्रेपुरते येता. फोन ठेवून दिला.

८ एप्रिल, मंगळ.
कुंडलहून आईचा फोन. "म्हाताऱ्याला घिऊन चार दिस हिकडं ये, गारव्याला." तिकडे पाटाचं पाणी, चहूकडे ऊस, तिला काय जातंय सांगायला. मानकरी जत्रा सोडून येईल होय? तिच्यावरही चिडले. उगाच.
दुपारी दळायला आलेल्या बायकांपुढे सगळं ओकले. शांताकाकू शेजारच्याच. शांतपणे म्हणाल्या, "आगं, पायावर पानी घातल्याबिगर पालखी दारातनं हालती का?"
गिरणी बंद केली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच की! दर दारात घरची बाई मानकऱ्याच्या पायांवर कळशीनं पाणी घालते, मगच पालखी पुढे सरकते. पाणी नाही तर फेरी नाही. ठरलं. ऊन कलल्याशिवाय एकही कळशी बाहेर निघणार नाही. पहिलं दार आमचंच.
कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

१२ एप्रिल, शनि. जत्रा.
रात्री लिहिते.
बाराला पालखी दारात आली. मी उंबऱ्याच्या आत. कळशी भरलेली, पण बाहेर पडले नाही. गल्लीतली सगळी दारं लावलेली. पुढच्या दांड्याला मामंजी, पायाखाली तापलेलं डांबर. एक पाय टेकवत, दुसरा उचलत.
आणि तेव्हा कळलं. मूर्ख मी! पाणी नाही म्हणून ते पुढे जाणार नाहीत, पण मागेही फिरणार नाहीत. पालखी जमिनीला टेकवायची नसते. म्हणजे तिथेच उभे राहणार. उन्हात. माझ्यामुळे.
"पानी घाल, सूनबाई."
"लिंबाखाली सावलीला चला, लगेच घालते."
"हितंच घाल."
अध्यक्ष ओरडायला लागले. हे कालच आलेले, दातओठ खात म्हणाले, "घालवलीस अब्रू." मामंजींचे ओठ पांढरे पडत चालले. कळशी उचलली मी. हरलेच होते.
तेवढ्यात आत्याबाई मागून आल्या. माझी सासू. उभ्या जन्मात नवऱ्यासमोर आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "गेल्या साली द्येव न्हवता आला अंगात. चक्कर आलती तुमास्नी. घरात आणल्याव मी पाय चोळत हुते, मला ठावं हाय."
ढोल थांबला. मामंजी तिच्याकडे बघतच राहिले. मग लिंबाकडे वळले.
ऊन कलेपर्यंत पोरांनी लिंबाखालीच पालखी आळीपाळीनं खांद्यावर धरली. मग सगळ्या दारांतून कळश्या निघाल्या. मीही पाणी घातलं. मामंजी पायांकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

१३ एप्रिल, रवि.
हे पहिल्या एस.टी.नं गेले. मामंजींनी दोघींच्या हातचं जेवण टाकलंय. मोबाईल म्हणतो, लाट अजून चढणार.
संध्याकाळी आत्याबाईंना सांगितलं त्यांनी, "बाराची फेरी मोडली द्येवाची. उद्या मी एकलाच करनार. बाराच्या उनात."
कमिटीशी भांडता येत होतं. ह्या माणसाशी कसं भांडू? राग येतो, लय राग येतो. आणि त्यात मेली लाजही आहे. चार लोकांत त्यांच्या अंगातला देव काढून घेतला आम्ही.

१४ एप्रिल, सोम.
गिरणी बंद. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले सोडूच नका त्यांना. दार अडवून उभी राहिले तर हातानं बाजूला सारलं. चपला पुढे केल्या, त्या ओलांडून देवळाकडे गेले.
बायकांना सांगून आले की दारं उघडी ठेवा, रस्त्यावर पाणी मारा. शांताकाकू म्हणाल्या, "आता तू कुनाच्या बाजूची गं?" मी पुढचं दार वाजवलं.
आत्याबाई उंबऱ्यात बसल्यात. देवळातून निघालं की पहिलं दार आमचंच. पायांवर पाणी घातलं तर फेरी सुरू होईल. नाही घातलं तर इथेच उभे राहतील, पडेपर्यंत. ओळखून आहे मी.
कळशी भरून ठेवलीय. गल्लीच्या टोकाला मामंजी दिसले. सोबत कुणी नाही.