रिकाम्या सायकलचं वळण

बाबा,

आज सकाळी माझ्या डाव्या पायाचं प्लास्टर निघालं. हाड जुळलं आहे, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, आणि सायकल चालवायला हरकत नाही हेही मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. आधी काय घडलं आणि ते कोण म्हणतं, असं लिहायची आता सवय झाली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी वार्ताहर नव्हतो. आता नागपूरच्या एका दैनिकाला गावोगावच्या बातम्या देतो. बस जात नाही तिथे सायकलने जातो आणि संध्याकाळची एसटी सुटायच्या आत बातम्यांचं पाकीट स्टँडवर पोचवतो. पाय मोडल्यापासून ते बंद आहे. सायकल जमली नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल, असं संपादकांनी सौम्य शब्दांत कळवलं आहे.

दवाखान्यातून बाहेर आलो आणि पहिल्याच पावलाला तोल गेला. पाय दुखत नव्हता, पण इतका हलका झाला होता की तो कुठे टेकेल याचा अंदाज येईना. पायरीवर बसलो आणि मला हसू आलं, कारण तुमची पहिली रेस आठवली.

आपल्या पवनारच्या वाडीतली वांगी, मेथी तुम्ही सायकलवरून वर्ध्याच्या बाजारात न्यायचात. येताना त्याच कॅरिअरवर म्हशीसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं. चढ लागला की बाकीचे उतरून सायकल ढकलतात. तुम्ही सीटवरून उठतही नाही. तोंड मिटलेलं, पोटऱ्या तेवढ्या दगडासारख्या. पुलगावच्या रस्त्यावर रेस ठरली तेव्हा बाजारातल्या लोकांनीच तुमचं नाव दिलं. तुम्ही टोपल्या सोडल्या, सगळ्यांच्या पुढे निघालात आणि पहिल्याच वळणावर थेट नालीत गेलात. रिकामी सायकल चालवायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नव्हती.

“काऊन बे चॅम्पियन,” शेजारचा कांदेवाला ओरडला, “टोपली नाई तं सायकल पळत नाई काय?”

“पळते ना,” चिखल पुसत तुम्ही म्हणालात, “मलेच समजून नाई राह्यली.”

घरी आई म्हणाली, “पुढच्या खेपेले दोन कोहळे बांधून जाजा.” तुम्ही तिच्यापेक्षा जास्त हसलात. पण दुसऱ्या दिवशी ढेप उतरवली, पाणी प्यालात आणि तीच सायकल रिकामी घेऊन सेलूच्या दिशेने निघालात. मग रोजच. उन्हाळ्यात, थंडीत, बाजाराची पूर्ण खेप झाल्यावर. तेव्हा मी कॉलेजात होतो. कधी मित्राची सायकल घेऊन सोबत यायचो. मला बोलायला दम उरायचा नाही. तुम्ही मात्र ओट्यावर बसल्यासारखे बोलत असायचात.

“वझं असलं की तेच सायकलीले धरून ठेवते,” तुम्ही सांगता आहात. “वझं उतरलं की मंग आपल्याले धरा लागते. पण हँडल आवळू नको. थोडं पळू दे त्याले.”

“आणि कंटाळा आला तर?”

“येते ना. त्या दिवशी तं नक्की निघाचं.”

पुढच्या वर्षी त्याच वळणावर तुम्ही पुलगावच्या तरण्या गड्यांना मागे टाकलंत. कांदेवाला तुम्हाला खांद्यावर घेऊ पाहत होता आणि त्याला तुम्ही पेलवत नव्हतात. त्यानंतर बरीच वर्षं ती रेस तुमचीच होती. लोक तुमच्या छातीचं आणि पोटऱ्यांचं कौतुक करायचे. मला आठवतो तो ढेप उतरवल्यानंतरचा तुमचा एक घोट पाणी पिण्यापुरता थांबा, आणि पुन्हा पेडलवर गेलेला पाय.

दुपारी मी अंगणात चालून पाहिलं. पाय अजून वाकडातिकडा पडतो. संध्याकाळी कंटाळा आला, म्हणून पुन्हा चाललो. तेव्हा जरा सरळ पडला.

या पत्राचं पाकीट मात्र कुठल्याच एसटीत द्यायचं नाही. रविवारी सायकल काढीन आणि धाम नदीच्या पुलापर्यंत जाऊन येईन. जमलं, तर सोमवारी हिंगणीला जायचं आहे. तिथले लोक बोर धरणाच्या पाण्याविषयी बोलायला थांबले आहेत. एक सांगायचं राहिलं. मला शिकवताना तुम्ही मागून कॅरिअर कधीच धरलं नाही. रविवारी तुमची सून धरणार आहे. मीच तिला सांगितलं आहे, निदान पहिल्या वळणापर्यंत.