ज्ञात प्रती : एक

८ फेब्रुवारी, शनिवार

मिळाली! पंधरा वर्षं जिच्यामागे लागलो होतो ती आज आपल्या पायांनी माझ्या घड्याळ-चष्म्यांच्या दुकानात आली.

भंगारवाला सकाळी एक खोकं घेऊन आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, बघा तुमच्या कामाचं काही आहे का. वर बंद पडलेलं टेबलावरचं घड्याळ, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन तबकड्या. दोन नेहमीच्याच, पायलीला पन्नास मिळणाऱ्या. तिसरीवर पांढरा कागद, त्यावर पेन्सिलने नंबर आणि गाणारीचं नाव, आणि खाली लाल अक्षरात – ‘नापसंत. खुर्ची.’

दोन्ही हात काउंटरखाली घेतले. मग मी त्या घड्याळावरच झडप घातली! काटे फिरवून पाहिले, उघडून पाहिलं, घासाघीस केली. तबकड्यांकडे ढुंकून बघितलं नाही. शेवटी म्हटलं, आता या कुठे परत नेतोस, राहू दे इथेच. तो लगेच ‘बरं’ म्हणाला. त्याच्या चष्म्याची दांडी फुकट आवळून दिली. दिवसभर मनात उकळ्या फुटत होत्या – भल्या पक्क्या भंगारवाल्याला गुंडाळलं!

लिहून ठेवतो, पुढे माझं मलाच आठवायला. कारखान्यात गाणं ध्वनिमुद्रित झालं की बाजारात काढायचं की नाही हे ठरवायला आधी दोनच तबकड्या काढत. चाचणीच्या. एकाच बाजूला गाणं, दुसरी बाजू कोरी. एक कारखान्यातल्या ऐकणाऱ्या मंडळींना, एक गाणाऱ्याला. पसंत पडलं तर हजारो निघायच्या. नापसंत झालं की साचा वितळवायचे, आणि जगात त्या गाण्याच्या उरायच्या त्या दोन. माझ्याकडे अशा चारशेच्या वर आहेत. पण ही नव्हती.

हिच्यात वहिनींचा आवाज आहे. टायपिंगच्या मास्तरांच्या बायकोचा. वय सतरा. सोबतीला त्यांची आई गेली होती. तिसऱ्या ओळीला मागे बसलेल्या आईची खुर्ची करकरली आणि गाणं गेलं. पुन्हा कधी त्यांना बोलावलं नाही. वहिनींना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गाणाऱ्याला दिलेली तबकडी मास्तरांकडे आहे. लोखंडी पिनेने वाजवून वाजवून करडी पडलेली. त्यात आता गाण्यापेक्षा खरखरच जास्त. मास्तर नेहमी म्हणतात, गाणं लागतं अजून थोडंफार, पण सासूबाईंची खुर्ची पार गेली रे. आणि मी दर वेळी सांगत आलो – मास्तर, दुसरी सापडू दे, चप्पल घालायलाही थांबणार नाही. अनवाणी धावत येईन.

उद्या रविवार. मास्तरांकडे जायचा वार.

९ फेब्रुवारी, रविवार

नेली नाही. आधी धुवायला हवी. मळकी तबकडी वाजवणं म्हणजे तिच्यावर कानस चालवणं.

मास्तरांनी दार उघडलं, म्हणाले, ये. मग माझ्या पायांकडे पाहिलं. चहा झाला. विचारलं, ‘काय, नवीन काही?’

‘काही नाही. एक बंद घड्याळ मिळालं.’

‘घड्याळच?’

‘घड्याळच.’

एवढं पटकन तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

११ फेब्रुवारी

धुतली. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, बोटांची टोकं. कागदाला थेंब लागू दिला नाही. स्पिरिट कधीही नाही – तबकडीची लाख विरघळते. तो दातांचा डॉक्टर, माझ्यासारखाच तबकड्यांमागे वेडा, एकदा उत्साहाने स्पिरिटचा बोळा फिरवून बसला आणि महिनाभर सुतक पाळल्यासारखा हिंडत होता.

संध्याकाळी बांबूची पिन लावून वाजवली.

काय लिहू? समोर बसून गाते आहे पोर. श्वास घेते तो ऐकू येतो. आणि तिसऱ्या ओळीला – कर्र! लाकडी खुर्ची, जड बाई, अवघडून बसलेली. मी एकटाच हसलो. गाणं संपल्यावर क्षणभर सामसूम, आणि मग तिचं हलकं हसू. हे मास्तरांनाही ठाऊक नसेल! त्यांच्या तबकडीचा शेवट तर केव्हाच खरवडून गेला आहे.

ही स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. ‘वहिनी ना या?’ डोळ्यांत पाणी. ‘मास्तरांना कधी ऐकवताय?’

रविवारी, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नेली नाही.

घरी आलो तर हिने विचारलं, ऐकवली? हो म्हटलं. रडले का? थोडेसे, म्हटलं. मेल्या, जिभेला काही हाड?

२ मार्च, रविवार

स्वतःशी तरी खरं बोलावं म्हणून ही वही. तर खरं असं –

मास्तर मागणार नाहीत. तो स्वभावच नाही त्यांचा. पण ऐकताना त्यांचा चेहरा मला दिसेल, आणि मग मीच म्हणेन, ठेवा मास्तर, तुमचीच आहे. म्हणावंच लागेल. माणूस असेन तर म्हणेन. आणि त्यांच्याकडे ती लोखंडी पिन! त्यातून हात थरथरतात. सहा महिन्यांत हीही करडी होईल. मी तिला वाचवतो आहे.

किती छान कारण आहे! आठवडाभर घोळवून काढलं तेव्हा सापडलं.

तबकड्यांचं वेड मला लावलं मास्तरांनीच. मी विशीत त्यांच्याकडे टायपिंग शिकायला जायचो. बोटं माझी सगळी अडाणी. ते म्हणाले, तुझं टायपिंग राहू दे, कान चांगला आहे तुझा, बस इथे. कपाटातून तबकड्या काढून तासन्‌तास ऐकवायचे. वहिनी आतून ओरडायच्या, अहो, त्याला जेवायला तरी सोडा. आणि त्यांचंच गाणं लागलं की तिथून उठून जायच्या. स्वतःचा आवाज ऐकवत नसे त्यांना.

९ मार्च, रविवार

आजही नाही.

३० मार्च, रविवार

मास्तर हल्ली दार उघडलं की आधी माझ्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. वय झालं. ‘नवीन काही?’ हेही ठरलेलं. मी ‘नाही’ म्हणतो, ते ‘बरं’ म्हणतात, मग आम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलतो.

पूर्वी असे ठरवून विचारत नसत. की विचारत असत, आणि मला बोचत नसे?

२२ एप्रिल

दुपारी मास्तरांच्या मुलीचा फोन. बाबांच्या हातून आईची तबकडी पडली. तीन तुकडे. बाबा सकाळपासून बोलत नाहीत, काका तुम्ही या.

आता लिहायचं ते लिहायला हात होत नाही. पण लिहितोच.

फोन ठेवला आणि मला आनंद झाला. दुःख नाही, आधी आनंद! छातीत काहीतरी टुणकन उडालं. जगात आता एकच उरली, आणि ती माझ्या कपाटात आहे. मी कपाट उघडलं, तबकड्यांच्या नोंदींची वही काढली. प्रत्येक तबकडीपुढे ‘ज्ञात प्रती’ असा रकाना आहे माझ्या वहीत. तिथे ‘दोन’ होतं. ते खोडून ‘एक’ लिहिलं. पट्टी लावून खोडलं, नीट. तारीख घातली. मग चप्पल शोधली आणि मास्तरांकडे जायला निघालो.

अर्ध्या वाटेत माझी मलाच किळस आली. फुटपाथवर थांबलो. एक बाई म्हणाली, काका, बरं वाटत नाही का? नाही, म्हटलं.

मास्तरांनी तुकडे टेबलावर जुळवून ठेवले होते. कडेला कडा लावून, मध्ये केसाएवढी फट. पुन्हा पुन्हा सारखे करत होते आणि हात थरथरत असल्यामुळे ते पुन्हा हलत होते. म्हणाले, चिकटवता येतं का रे? मी म्हटलं, चिकटेल मास्तर, पण वाजणार नाही. पिन उडेल.

‘दुसरी कुठे असेल का?’

माझ्याकडे सरळ बघत होते. असे की मला मान खाली घालावी लागली.

‘बघतो,’ म्हटलं.

२३ एप्रिल

बघतो! कुठे बघणार आहेस? उजवीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा.

४ मे, रविवार

गेलो. नवीन काही विचारलं नाही त्यांनी आज. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२० मे

उघडं पडलं. मास्तरांच्या मुलीने हिला फोन केला होता. बोलता बोलता म्हणाली, बाबांना आता आईचं काहीच ऐकायला उरलं नाही. ही म्हणाली, असं कसं, ह्यांनी ऐकवली ना फेब्रुवारीत? नाही हो, म्हणाली ती. मग हिने काहीतरी सारवासारव केली म्हणे.

मी दुकानातून आलो तर ताट वाढलेलं, आणि ही समोर बसलेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. मी म्हटलं, अगं, चोरी केलेली नाही मी, रीतसर विकत घेतली आहे.

‘चोरी नाही ना? मग लपवता कशाला?’

जेवण गेलं नाही. तिने ताट उचललं. आत जाताना एवढंच म्हणाली, की माझ्या मागे माझं काही ठेवू नका कपाटात.

२५ मे, रविवार

नेली. स्वेटरमध्ये गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, छातीशी धरून. माझा ग्रामोफोन रिक्षातून नेला, बांबूच्या पिना खिशात.

मास्तरांनी दार उघडलं. पायांकडे पाहिलं. मग हातातल्या पुडक्याकडे. खुर्चीत जाऊन बसले.

मी म्हटलं, मास्तर, सापडली. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. रिक्षात पाठ केलं होतं – फेब्रुवारीपासून माझ्याकडे आहे, मी लपवली, मला माफ करा. त्यांनी विचारलं, कधी मिळाली? आणि मी म्हणालो, ‘परवा.’

‘परवा?’

‘परवाच.’

‘बरं,’ म्हणाले. ‘लाव.’

तेव्हाही खोटं! पाय त्यांच्या उंबऱ्यात, तबकडी हातात, तेव्हाही!

लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. बोटं गुडघ्यावर टाईप केल्यासारखी हलत होती. तिसरी ओळ येण्याआधीच त्यांचा हात वर गेला, आणि बरोबर त्या क्षणी कर्र! ‘सासूबाई,’ म्हणाले आणि हसले. शेवटचं ते हसू मी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला वाटलं दचकतील. दचकले नाहीत. ते येईपर्यंत कान देऊन थांबले होते आणि आल्यावर मान हलवली. मग रडले. मीही.

तीनदा वाजवली. दर वेळी नवी पिन.

शेवटी मी म्हटलं, मास्तर, ही तुमची, ठेवा. मनापासून म्हटलं. त्यांनी तबकडीच्या कडेवरून फक्त बोट फिरवलं. म्हणाले, माझ्या हातात काही राहत नाही आता. तुझ्याकडेच असू दे. अधूनमधून आणत जा.

जिना उतरताना हलकं वाटत होतं. गोष्ट शेवटी नीट झाली ना? त्यांनी ऐकली, माझ्याकडे राहिली, कुणाचं काही गेलं नाही. ‘परवा’चं सांगेन पुढच्या वेळी. एवढं काय त्यात! हिला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंत. जेवायला दोन्ही ताटं एकत्र घेतली आज.

२८ मे, बुधवार

भंगारवाला आला होता. तीच दांडी पुन्हा सैल. मी आवळत असताना म्हणाला, ‘मास्तर खूश झाले असतील ना? दर महिन्याला विचारायचे मला, तो काही बोलला का रे त्या तबकडीचं.’

मी विचारलं, त्यांना कसं माहीत?

‘अहो, आधी त्यांच्याकडेच नेली होती मी. त्यांच्या मिसेसचं नाव होतं ना तिच्या कागदावर. त्यांनी ऐकली, पैसेही त्यांनीच दिले. मग म्हणाले, आता ही त्याच्या दुकानात नेऊन टाक, माझं नाव काढू नकोस. पंधरा वर्षं शोधतोय तो, सापडल्याचा आनंद त्याला होऊ दे. उद्या रविवार आहे, अनवाणी धावत येईल बघ.’

सोळा रविवार गेलो मी. चप्पल घालून.