शोभेची पेटी

नांदेड, ३ जुलै २०२४

चि. महामाया हिस सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन वाजला की आई तुझ्याजवळ येऊन बसते, आणि हे तिच्या कानावर सध्या जायला नको. म्हणून तुझ्या चाकूरच्या शाळेच्या पत्त्यावर लिहून राहिलो. हेडमास्तर हसले तर सांग, भाऊ जुन्या वळणाचा आहे.

प्रीतमच्या अस्थी देशात पोचल्या, आपल्या हाती मात्र आल्या नाहीत. कस्टमने पार्सल अडवलं. ते मल्लिनाथने पाठवलेलं. देगलूरचा तो, व्हिएतनामात प्रीतमसोबत हॉटेलच्या भटारखान्यात होता. आपण पोचू शकलो नाही, त्या पोराने आपल्या भावाला अग्नी दिला. राख साध्या डब्यात जाऊ नये म्हणून तिथली लाकडी पेटी घेतली, काळ्या लाखेची, झाकणावर शिंपल्याचं कमळ जडवलेली. पण कुरिअरवाले अस्थी घेईनात. मग त्याने कागदावर लिहिलं, शोभेची पेटी, भेटवस्तू.

कस्टममधून माल सोडवणारा माणिकप्पा म्हणून एक एजंट गाठला. मूळचा उदगीरचा निघाला, तेवढाच आधार. तो म्हणतो, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या यादीत एक ओळ असते, तिच्यावर कर ठरतो. दागिन्यांची पेटी म्हटली तर एक ओळ, शोभेची वस्तू म्हटली तर दुसरी. साहेबांना ही कुठं बसवावी कळेना, म्हणून आपल्याला लेखी विचारलंय की पेटीचा उपयोग काय. माया, त्या प्रश्नापुढे काय लिहू? शाळेत निबंधाची बक्षिसं तूच आणायचीस. तूच सांग.

पोरांना पापे. स्कूटी हळू चालवत जा. धाकट्यांपैकी आता तूच आहेस मला.

तुझा,
दादा


लातूर, ९ जुलै

आदरणीय दादास सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला चौथीच्या वर्गाला पाढे लिहायला लावले आणि पुन्हा वाचलं.

दादा, खरं तेच लिही. यात आमच्या भावाच्या अस्थी आहेत, असं सरळ लिही. साहेबालाही घरदार असेल. वाचल्यावर कोण अडवेल?

आईला मी सांगितलंय की पार्सल वाटेत आहे. तिने भोकरच्या शेतात बांधाजवळची जागा साफ करून घेतली, तिथल्या शेषेरावकाकांना फोन लावून, आणि तिथं पिंपळाचं रोप लावायचं ठरवलंय. भंतेजींना तारीख विचारून झाली. रोज कुरिअरची गाडी गल्लीत आली की दारात जाऊन उभी राहते. गाडी शेजाऱ्यांचे कपडे नाहीतर बूट देऊन निघून जाते. मग आत येऊन म्हणते, पोरगं आधीपासूनच उशीर करणारं हाय.

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला तेल लावतोस की नुसता कण्हतोस? आमच्यावरची सावली काढू नको.

तुझी,
माया


नांदेड, २६ जुलै

चि. माया, सप्रेम जयभीम.

खरं लिहिलं, आणि कागद घेऊन स्वतः कस्टमच्या ऑफिसात गेलो. त्याचंच हे झालं.

साहेब वाईट नव्हता. वाचून खुर्चीतून उठला, मला बसा म्हणाला, पाणी मागवलं. मग म्हणाला की तुम्ही आधी शोभेची पेटी लिहून दिली, आता आत राख आहे म्हणता, मी कोणतं खरं धरू? अस्थी म्हणायच्या तर दहनाचा दाखला आणि आपल्या वकिलातीचं पत्र लागतं. मल्लिनाथने दिलेला दाखला व्हिएतनामी भाषेत, तो कुणाला वाचता येईना. माणिकप्पाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. म्हणाला, शवपेटीला जागा आहे दादा, अस्थींच्या पेटीला दिसत न्हाई.

दाखला नाही म्हटल्यावर आतली भुकटी कसली, हे त्यांना शोधणं भाग होतं. हल्ली अशा भुकटीतून काय काय येतं, असं साहेब हळूच म्हणाला. त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं. आत प्लास्टिकची पिशवी. चमच्याने नमुना काढला, पाकिटात भरला, लाखेचं सील मारलं आणि प्रयोगशाळेला पाठवला. मी म्हणालो, मला हात लावू द्या, तेवढं मीच काढून देतो. नियमात बसत नाही म्हणाले.

माया, तो चमचा आपण साखरेला वापरतो तसला होता.

आईला हे सांगू नको. मल्लिनाथ वकिलातीच्या पत्रामागे लागलाय, सुट्टी मिळेल तसा जातो.

दादा


लातूर, ११ ऑगस्ट

आदरणीय दादा, सप्रेम जयभीम.

मीच तुला खरं लिही म्हणाले. राहून राहून तेच मनात येतं. दागिन्यांची पेटी म्हणून कर भरला असता तर कदाचित कुणी झाकणही उघडलं नसतं. वर्गात पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवते आणि जीभ अडखळते.

पार्सल अडवल्याचं आईला कळलं आहे. लपवणं होईना, सांगून टाकलं. चमच्याचं तेवढं नाही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, मला घेऊन चला, म्या साहेबाला सांगते माझं लेकरू हाय म्हणून. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. दारात जाणं बंद झालंय. त्याचंच मला जास्त भ्या वाटतं.

वकिलातीचं काही कळलं की लगेच लिही. तुझ्याशिवाय कुणाकडे बघू?

माया


नांदेड, १९ सप्टेंबर

चि. माया, सप्रेम जयभीम.

सुटली. वकिलातीचं पत्र आलं, प्रयोगशाळेचा अहवालही आला. राखेवर कर नाही. पेटी मात्र शेवटी शोभेची लाकडी वस्तू ठरली, तिचा कर भरला. माणिकप्पाने स्वतःचं काही घेतलं नाही.

रविवारी लातूरला घेऊन येतो. नमुन्याचं पाकीट परत मिळालं नाही, त्यासाठी अर्ज दिलाय. आईने विचारलं तर सगळं आलंय म्हणायचं. एवढं माझं ऐक.

दादा


लातूर, ३० सप्टेंबर

आदरणीय दादा, सप्रेम जयभीम.

तू गेल्यावर आईने पेटी मांडीवर घेतली. कमळावरून हात फिरवला आणि झाकण उघडलं. आतल्या पिशवीला कस्टमची चिकटपट्टी. ती म्हणाली, ही कुणी उघडली व्हती? मला तिच्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना, दादा. चमच्याचं, पाकिटाचं, सगळं सांगून बसले.

भंतेजी मंगळवारी यायचे होते. तिने नको म्हणून निरोप पाठवला. म्हणते, थोडं लेकरू मातीत आन् थोडं सरकारात, असं म्या करनार न्हाई. तुझ्या दादाला, धम्मानंदला म्हणावं, राहिलेलं घेऊन ये.

तू रागावशील. रागाव. पण ते पाकीट आण.

माया


नांदेड, १८ ऑक्टोबर

माया,

अर्जाचं उत्तर आलं. तपासणीत नमुना जाळून पूर्ण वापरला गेला, परत देण्याजोगं काही शिल्लक नाही. खाली सही आहे, नाव नाही. तो कागद खिशात घालून मी गोदावरीच्या पुलावर नुसता उभा राहिलो.

हे आईला सांगायला माझं तोंड होत नाही. तू सांग. मोठा असून तुझ्यावर टाकतोय, याबद्दल मनात अढी धरू नको.

दादा


लातूर, २४ ऑक्टोबर

आदरणीय दादास सप्रेम जयभीम, वि. वि.

काल सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. तिने विचारलं, एवढं तपासून त्यांला काय घावलं? मी म्हणाले, हाड. माणसाचं हाड आहे, असं अहवालात आलं. ती म्हणाली, म्हंजे दुसऱ्यांदा जाळलं त्याला. सगळी जुडी निवडून झाली, देठं गोळा केली, आणि मग म्हणाली, मला इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं की.

आज सकाळी मी विचारलं, भोकरला कधी जायचं. तिने भिंतीकडे कूस वळवली. म्हणाली, जावा तुम्ही दोघं, मला न्हाई यायचं. पुन्हा विचारलं, तर गोधडी डोक्यावर ओढून घेतली. भंतेजींचा फोन आला, तोही घेतला नाही. दुपारी तिच्यासमोर ताट ठेवलं होतं, ते तसंच उचललं.

रविवारी तू नांदेडहून सरळ शेतात ये. मी पेटी घेऊन लातूरहून येते. आई येणार नाही, तिची वाट बघू नको. पिंपळाचं रोप वाटेत मिळालं तर आण, नाही मिळालं तरी चालेल.

आपण दोघं उरलो आहोत, तेवढं धरून ठेव.

तुझी,
माया