लाल वाणाचं बी, दादाला वगळून

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा बियाणे पैदास, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण "तिचं डोकं फिरलं होतं" असं माझा थोरला भाऊ म्हणणारच.

कलम १. राहत्या दोन खोल्या व बँकेतील ठेव धाकट्या बहिणीस. स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही, ती दुरुस्त करून घ्यावी. मी चालढकल केली.

कलम २. हरितगृह दादाच्या नावावर आहे, ते त्याला लखलाभ.

कलम ३. आमचा चेरी टोमॅटो संकरित आहे. पिवळ्या वाणाच्या मिटल्या कळीतले पुंकेसर, तिचा स्वतःचा पराग तिला लागायच्या आत, चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या दिवशी तिथे लाल वाणाचा पराग लावायचा; त्या फळातलं बी आम्ही विकतो. प्रत्येक फुलाला, दर हंगामात. बावीस वर्षं हे मी केलं आणि पाकिटावर फोटो दादाचा.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या साली त्याने आधीच्या संकरित रोपांना लागलेल्या फळांचंच बी काढून विकलं. संकरित झाडाच्या फळाचं बी पुढे तसंच उगवत नाही, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. कोणाकडे लांबट फळं आली, कोणाकडे आंबट, कोणाकडे नुसता पाला. गिऱ्हाइकं दारात आली तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, "मी काय करणार? बी हिनेच दिलं." मी टाक्यांवर हात धरून उभी होते. तेव्हा गप्प बसले, याचा मला अजून संताप येतो.

कलम ४. लाल वाणाचं बी फक्त माझ्याकडे आहे, पिवळ्याचं दादाकडे. ते, चिमटा व भिंग मी दादाच्या सुनेस देते. "आत्या, ही कळी उमलून गेली, आता हिचा भरवसा नाही, सोडते," असं म्हणणारी त्या घरात ती एकटीच. दादाला संकर हवा असल्यास त्याने पिवळं बी तिच्या हाती द्यावं व पाकिटावर तिचं नाव छापावं. जबरदस्ती केल्यास तिने लाल बी उकळत्या पाण्यात टाकावं. वाण बुडाला तरी चालेल.

कलम ५. परवा दादा खाटेपाशी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "लाल बी कुठे ठेवलंस?" दादा, आधी "कशी आहेस" एवढं विचारलं असतंस, तर उशीखालून काढून दिलं असतं.

सही: स्वहस्ते
साक्षीदार: १. पाळीवरची परिचारिका २. शेजारच्या खाटेवरील शिंपीणबाई
ठिकाण: दवाखाना, खाट अकरा
दिनांक: ९ नोव्हेंबर